डूलॅली: देवळालीच्या कॅम्पातून निघालेल्या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतल्या 'डूलॅली' या शब्दाबद्दल लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायचा कंटाळा येतो म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. डूलॅली म्हणजे नक्की काय? आणि उच्चार कसा करायचा?

डोकं फिरणं, सटकणं, भ्रमिष्टासारखं वागणं. ब्रिटिश माणूस 'गॉन डूलॅली' म्हणतो तेव्हा समोरचा ठार वेडा झालाय असं त्याला म्हणायचं नसतं, तर काहीतरी विचित्र वागायला लागलाय, येड्यासारखं करतोय, एवढंच. उच्चार डू-लॅ-ली, जोर मधल्या 'लॅ'वर. स्पेलिंग डी, डबल ओ, एल, ए, डबल एल, वाय. जुन्या छपाईत मध्ये आडवी रेघ टाकून 'डू-लॅली' असंही दिसतं, दोन्ही एकच.

२. हा शब्द खरंच आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय की ही पण व्हॉट्सॲपवाली गोष्ट?

खरंच आलाय. इंग्रजी शब्द भारतातून आले म्हणून जे फॉरवर्ड फिरतात त्यातल्या अर्ध्यांवर माझा विश्वास नसतो, पण हे प्रकरण पक्कं आहे, मोठ्या इंग्रजी शब्दकोशांनीही हेच मूळ दिलंय. देवळाली म्हणजे मुंबईहून रेल्वेनं साधारण १८० किलोमीटर, इगतपुरी सोडल्यावर नाशिक रोडच्या आधी जे स्टेशन लागतं ते. इथे १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी लष्करी छावणी उभी केली आणि पुढे ती गोऱ्या सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प म्हणून वापरली. ट्रान्झिट कॅम्प म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मुक्काम. विलायतेहून बोटीनं मुंबईला उतरलेले नवे शिपाई इथे काही आठवडे राहून उन्हाची सवय करून घ्यायचे, मग त्यांच्या त्यांच्या पलटणीकडे जायचे. आणि नोकरी संपवून परत जाणारे पण इथेच येऊन थांबायचे. शब्द तयार झाला तो या दुसऱ्या लोकांमुळे.

३. पण देवळालीची हवा तर मस्त आहे, लोक हवापालटाला जातात, मग तिथे डोकं फिरण्यासारखं काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे, कारण आपल्या डोक्यातली देवळाली म्हणजे सॅनिटोरियम, झाडी, थंड संध्याकाळी, पारशी आणि गुजराती कुटुंबं महिना-महिना येऊन राहायची ती. उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर. इंग्रजांनी जागा निवडली तीसुद्धा चांगल्या हवेमुळेच. म्हणजे दोष हवेचा नव्हताच, दोष होता वेळापत्रकाचा.

झालं असं की सैन्य नेणाऱ्या-आणणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि इकडचा पावसाळा, दोन्ही टाळायचे म्हणून ही ने-आण साधारण हिवाळ्यापुरती, मार्चपर्यंत उरकायची. १८६६-६७ मध्ये तर यासाठी पाच खास बोटी बांधल्या होत्या, त्यातल्या एकीचं नाव 'जमना', म्हणजे आपली यमुना आणि दुसरीचं 'मलबार'. आता १८७० च्या कायद्यानं शिपायाची प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी कमी वर्षांची केली, आधी सहा मग सात, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी वाढली. नोकरीची मुदत संपलेल्या माणसाला 'टाइम-एक्स्पायर्ड' म्हणायचे (औषधाच्या बाटलीवर लिहितात तसंच अगदी). अशा माणसाची मुदत भलत्या महिन्यात संपली की पुढची बोट लागेपर्यंत तो लटकला.

आणि लटकला म्हणजे कसा, तर बंदूक नाही, सामानसुमान नाही, कामच नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक वेल्श शिपाई १९०० नंतरच्या दशकात भारतात होता, त्याच्या १९३६ मध्ये छापलेल्या आठवणींमध्ये हे सगळं आहे: मधूनच कधीतरी किट तपासायचे, मधूनच एखादं लांबलचक मार्च, बाकी दिवस रिकामा, आणि मग ज्यांनी सगळी नोकरी एक डाग न लागू देता केली अशी माणसं शेवटच्या काही महिन्यांत भानगडी करून तुरुंगात जायची, काही जण गुप्तरोग घेऊन हॉस्पिटलात जायचे. विचित्र वागणाऱ्याला 'डूलॅली टॅप झालाय' म्हणायची पद्धत या कंटाळ्यातून निघाली असावी असं त्याचं मत. 'मला वाटतं' असं म्हणूनच त्यानं ते लिहिलंय, हे मला आवडतं, कारण आजकाल तेच वाक्य लोक शपथेवर सांगितल्यासारखं पुढे ढकलतात.

४. देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द पडला असं वाचलंय. कोणतं खरं?

ही गोष्ट इंग्लंडमध्ये फार पसरलीय. लष्करी इस्पितळ देवळालीत होतंच, पहिल्या महायुद्धात तर मोठं होतं, मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, आलेले आजारी आणि जखमी सैनिक इथे आणायचे. आजारपणामुळे घरी पाठवायचे ते शिपाईही बोटीची वाट बघत इथे थांबायचे, त्यात मन बिघडलेले असणारच. पण 'वेड्यांचं इस्पितळ, म्हणून शब्द' एवढं सरळ सांगितलं की मूळ मुद्दा हरवतो, कारण जो शिपाई स्वतः त्या काळात होता तो इस्पितळाचं नाव घेत नाही, तो वाट बघण्याचं आणि रिकामपणाचं सांगतो (प्रश्न ३). माझं मत विचाराल तर वाट बघण्याची बाजू भक्कम आहे. इस्पितळवाली गोष्ट लोकांना आवडते कारण ती दोन शब्दांत सांगता येते.

५. मूळ शब्द 'डूलॅली टॅप' होता म्हणतात. हा टॅप म्हणजे नळ का?

नळ नाही, टपली पण नाही. डोक्यात टपली बसली म्हणून येडा झाला असा अर्थ बरेच इंग्रज लावतात, ऐकायला पटतो पण चूक आहे. तो टॅप म्हणजे आपला ताप! अंगात येतो तो. म्हणजे 'डूलॅली टॅप' म्हणजे शब्दशः देवळालीचा ताप.

मराठी माणसाला हे इंग्रजी शब्दकोश न उघडता कळतं. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो तेव्हा थर्मामीटर कोणी लावत नाही, कटकट असाच अर्थ असतो, त्या शिपायांनी पण तेच केलं. खरा हिवताप त्या काळी बराकीबराकीत होता, आणि त्याचे जंतू डासात असतात हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला १८९७ मध्ये दाखवेपर्यंत लोक खराब हवेलाच दोष देत होते. त्यामुळे 'अमुक गावचा ताप' ही भाषा त्यांच्या रोजच्या बोलण्यातली होती. कोणी उगाच भिंतीशी बोलायला लागला, तर याला पण ताप आलाय, देवळालीचा. थट्टा आहे, पण शेजारच्या खाटेवर खरा तापानं फणफणलेला माणूस पडलेला असताना केलेली.

६. मग 'टॅप' मराठीतून इंग्रजीत गेला असं छातीठोक सांगू का?

नका सांगू. गोऱ्या शिपायाच्या कानावर नोकर, भिश्ती, धोबी, बाजारवाले यांची जी भाषा पडायची ती मोडकीतोडकी हिंदुस्तानी, आणि त्यात 'तप' हा शब्द होता. कुठे फारसीतून लिहिलेलं दिसेल, कुठे संस्कृतमधून, आणि लोक त्यावरून भांडतात पण भांडायचं कारण नाही, संस्कृतातला ताप आणि फारसीतला तापवाचक शब्द एकाच जुन्या मुळातून आलेत. गंमत म्हणजे त्याच मुळाची एक फांदी लॅटिनमधून इंग्रजीत आधीच पोचलेली होती: 'टेपिड', म्हणजे कोमट. म्हणजे इंग्रजानं ताप भारतातून नेला तेव्हा त्याचा लांबचा चुलतभाऊ त्याच्या घरी बसलेलाच होता. मराठीचा हक्क सांगायचाच असेल तर गावाच्या नावावर सांगा, तो कोणी नाकारणार नाही.

७. देवळालीचं डूलॅली कसं काय झालं?

इंग्रज लिहायचे डी-ई-ओ-एल-ए-एल-आय. आता हे ज्यानं गावाचं नाव कधी मराठी तोंडून ऐकलं नाही त्यानं वाचलं तर काय वाचेल? 'व' लिहिण्यातच गेला होता, 'ळ' त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळे ळा आणि ली दोन्ही सपाट 'ल' झाले, आणि 'देओ'चा घाईघाईत 'डू' झाला. शिवाय डू-लॅ-ली असं झाल्यावर ते इंग्रजी कानाला लहान मुलांच्या बडबडगीतासारखं लागतं, आणि विनोदी शब्द टिकतो. शीव, वसई, खडकी यांचं इंग्रजांनी काय केलं ते आठवा (सायन, बॅसीन, किर्की), त्यामानानं देवळाली बरी सुटली.

८. छापील पुरावा कधीचा मिळतो?

शब्द शिपायांच्या तोंडचा, त्यामुळे बोलण्यात आधी, कागदावर उशिरा. फ्रेझर आणि गिबन्स यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश केला, १९२५ चा, त्यात 'डूलॅली टॅप' आहे. मग १९३६ मध्ये रिचर्ड्सच्या आठवणी (प्रश्न ३).

९. अर्थ कसा बदलत गेला ते नीट सांगाल का?

मला स्वतःला या शब्दात सगळ्यात जास्त रस इथेच आहे. सुरुवातीला ते नाम होतं, एक आजार असल्यासारखं: त्याला डूलॅली टॅप 'झालाय'. म्हणजे माणूस वेगळा, ताप वेगळा, ताप बाहेरून लागलेला, उद्या बोट आली की उतरेल पण. मग शिपाई घरी गेले, शब्द बरोबर गेला, आणि ब्रिस्टलच्या नाहीतर कार्डिफच्या माणसाला 'टॅप' म्हणजे काय ते कळण्याचं कारणच नव्हतं, त्यामुळे तो गळाला. उरलं फक्त 'डूलॅली', आणि तापच गेल्यावर ते नाम राहीना, विशेषण झालं. आता माणसाला काही 'झालेलं' नसतं, माणूसच डूलॅली असतो किंवा होतो. हा बदल बारीक वाटेल पण माझ्या मते छोटा नाही, आजाराची सहानुभूती त्यात निघून गेली.

त्यानंतर धार पण बोथट झाली. आता म्हातारी आजी चष्मा फ्रिजमध्ये ठेवते ती डूलॅली, लग्नाच्या तयारीत नवरी डूलॅली, फुटबॉल जिंकल्यावर अख्खं गाव डूलॅली, आणि वॉशिंग मशीन, प्रिंटर, सॅटनॅव (गाडीतलं रस्ता दाखवणारं यंत्र) यांना पण लागतं, भलतंसलतं करायला लागले की 'गॉन डूलॅली'. ज्या शब्दात तुरुंग आणि गुप्तरोग होते तो आता चहा पिता पिता पोरांसमोर बोलतात.

मध्ये एकदा शब्द आणि गाव परत जवळ आले होते: बीबीसीवर १९७४ ते १९८१ एक विनोदी मालिका चालली, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी नाटक कंपनीची, आणि सुरुवातीचे भाग घडतात देवळालीत. लिहिणाऱ्या दोघांपैकी एक जण स्वतः तिथल्या अशाच कंपनीत होता. गोऱ्या नटाला रंग फासून भारतीय बेअरर, म्हणजे नोकर, केलेला, त्यामुळे आता बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही.

१०. जुन्या अँग्लो-इंडियन कोशात 'डूली' सापडला, तो हाच का?

नाही. तो आपल्या डोलीवरून. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात डूली म्हणजे माणसाला किंवा जखमीला उचलून न्यायची डोली. त्यावरची एक सांगोवांगीची गोष्टही प्रसिद्ध आहे, की लढाईनंतर जखमींना डोल्यांनी उचलून नेलं हे वाचून पार्लमेंटातल्या एका सभासदाला डूली ही कुठलीतरी क्रूर टोळी वाटली. डूलीचा आणि डूलॅलीचा संबंध फक्त आवाजापुरता.

११. गोऱ्या शिपायांनी असे आणखी कोणते शब्द नेले?

भरपूर. 'ब्लायटी' म्हणजे घर, इंग्लंड, तो विलायतीवरून. आपण विलायती चिंच म्हणतो तेच विलायती, आणि तोच शब्द पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकासाठी घराचं नाव झाला, इतकंच नाही तर घरी पाठवतील इतपत जखम म्हणजे 'ब्लायटी' लागली म्हणायचे. 'डेको' म्हणजे एक नजर, देखो वरून. 'कुशी' म्हणजे आरामाची नोकरी, खुशीवरून. 'पक्का' तर तसाच आहे. 'रूटी' म्हणजे रोटी, आणि लांब नोकरीबद्दल मिळणाऱ्या पदकाला शिपाई 'रूटी गाँग' म्हणायचे, म्हणजे इतकी वर्षं सरकारची भाकर खाल्ल्याचं पदक. डूलॅली यांच्यापेक्षा वेगळा एवढ्याचसाठी की हे सगळे साधे शब्द, तो गावाचं नाव आहे.

१२. आपण 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला न्या' म्हणतो, तसाच प्रकार ना?

बराचसा तसाच, हिंदीवाले आग्रा आणि रांची म्हणतात, इंग्रजीत लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून 'बेडलॅम' म्हणजे गोंधळ. पण फरक बघा. ठाणे, येरवडा, आग्रा, बेथलेम, इथे खरंच मनोरुग्णालयं, आणि वाक्याचा रोख 'तिकडे पाठवा' असा. देवळालीत उलट, माणूस शहाणा आला आणि तिथे राहून बिघडला. शिवाय ठाणे म्हटल्यावर ठाणं डोळ्यांसमोर येतं, डूलॅली म्हणणाऱ्या शंभरातल्या कितीजणांना ते गाव आहे हे माहीत असेल, मला शंका आहे.

१३. आमची देवळाली राहुरीजवळ आहे, ती का ही?

ती देवळाली प्रवरा, अहिल्यानगर जिल्ह्यातली, राहुरी तालुका. तिचा या शब्दाशी काही संबंध नाही. हा शब्द नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचा.

१४. माझे आजोबा तोफखान्यात होते, देवळालीत राहिले, पण त्यांना हा शब्द कधीच माहीत नव्हता. असं कसं?

असंच असणार. हा शब्द गोऱ्या साध्या शिपायांच्या बराकीतला. १९४७ नंतर त्या बराकी रिकाम्या झाल्या, २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण गेटवे ऑफ इंडियातून बोटीवर चढली, आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. मागे राहिलं भारतीय सैन्याच्या तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. तिथल्या जवानासाठी देवळाली म्हणजे तोफा, फायरिंग रेंज आणि कोर्स, रिकामं बसायला तिथे कोणी ठेवत नाही. मराठी बोलण्यात तर हा शब्द कधी रुजलाच नाही, आपल्याला तो इंग्रजी वाचून कळतो.

१५. डूलॅली नावाची बिअर पण आहे ना? तिचा काय संबंध?

आहे, २००९ मध्ये पुण्यातून सुरू झालेली मायक्रोब्रुअरी, नंतर मुंबईत पण त्यांची ठिकाणं झाली. नाव याच शब्दावरून, आणि बसण्याच्या जागेला ते 'टॅपरूम' म्हणतात. म्हणजे इंग्लंडमध्ये गळून पडलेला टॅप महाराष्ट्रात परत येऊन डूलॅलीला चिकटला, फक्त यावेळी तो खरोखर नळ आहे, बिअरचा. ठरवून केलं की आपोआप झालं ते त्यांनाच विचारा.

१६. अमेरिकन लोकांना कळतो का?

बहुतेक नाही. ब्रिटन, आयर्लंड, थोडाफार ऑस्ट्रेलिया. अमेरिकन क्लायंटला म्हणालात तर तो आडनाव समजेल.

१७. व्याकरणात कसा बसवायचा? 'अ डूलॅली मॅन' चालेल का?

चालेल पण कानाला खटकतं. हा शब्द क्रियापदानंतर शोभतो: गो डूलॅली, गॉन डूलॅली, 'अ बिट' लावून अजून मऊ. लोक विचारतात 'डूलॅलीड' असं भूतकाळी रूप होतं का, तर नाही, रूप 'गो'चं बदलायचं, याला हात लावायचा नाही. आणि 'टॅप' लावून आज बोलू नका, समोरच्याला कळणार नाही, फार तर एखाद्या म्हाताऱ्या माजी सैनिकाला कळेल आणि तो खूश होईल.

१८. ऑफिसात किंवा आयईएलटीएसच्या पेपरात लिहू का? अपमानास्पद तर नाही ना?

लेखी परीक्षेत नको, शब्द अगदी घरगुती आहे, तुमचा निबंध गंभीर आणि मध्येच हा असं दिसेल. स्पीकिंगमध्ये सहज आला तर बिघडत नाही. ऑफिसात प्रिंटरबद्दल खुशाल, स्वतःबद्दल पण चालेल, 'तीन मीटिंगनंतर मी डूलॅली झाले' म्हणायला कोणाची हरकत नसते. माणसाबद्दल म्हणताना मात्र बघून. ज्याला खरंच मानसिक आजार आहे, डिमेन्शिया आहे, त्याच्याबद्दल किंवा त्याच्या घरच्यांसमोर वापरू नका, ऐकणारा इंग्रज कितीही हसतमुख असला तरी. वर चष्मा फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या आजीचं उदाहरण दिलंय (प्रश्न ९) ते इंग्रज कुटुंबात प्रेमानं बोलतात, पण तुम्ही त्या घरचे नसाल तर दुसऱ्याच्या आजीला डूलॅली म्हणायच्या भानगडीत पडू नका.